कॅम्पातल्या हॉलची सागवानी जमीन

शनिवार : घोड नदीपलीकडे

शिरूर मागे टाकून एस.टी. घोड नदीच्या पुलावर आली तेव्हा पात्रात पाणी नव्हते. वाळूत झरे खणून बायका वाटीवाटीने हंडे भरत होत्या. पूल ओलांडला की नगर जिल्हा सुरू होतो. तिथून सुप्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुष्काळी कामे चालू होती. माणसे ओळीने बसून खडी फोडत होती आणि गाडी जवळून गेली की ती सगळी ओळ धुळीत नाहीशी होत होती. शेजारी बसलेल्या फेटेवाल्या गृहस्थांनी नगरला काय काम काढले, असे विचारले. नाचाची स्पर्धा पाहायला चाललो आहे, असे सांगितले.

"फड आलाय व्हय तमाशाचा?"

"नाही. साहेबी नाच. नवराबायको जोडीनं नाचतात तो."

"नवराबायको?" त्यांनी खात्री करून घेतली. "सोताच्याच?"

"बहुतेक."

"मंग जावा," ते म्हणाले. "दुष्काळात कायतरी करमनूक पायजेच."

ह्यात टोमणा किती आणि सद्भाव किती, ते सुपे येईपर्यंत ठरवता आले नाही. तिथे ते उतरले.

वर्तमानपत्राच्या कामानिमित्त मुंबईतल्या जिमखान्यांमधल्या बॉलरूम स्पर्धा पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या बहुधा उशिरा सुरू होतात. परीक्षक एका टेबलाशी सोड्याचे ग्लास घेऊन बसतात. निकाल जेवणानंतर लागतो, आणि तो कसा लागणार हे जेवणाआधीच सगळ्यांना ठाऊक असते. नगरच्या स्पर्धेचे नाव पुण्यात नाचाचा क्लास चालवणाऱ्या फिरोज मिस्त्री यांच्याकडून कळले. ते तिथे परीक्षक म्हणून जाणार होते.

"बघायची असेल तर ह्याच वर्षी जाऊन घ्या," ते म्हणाले होते. "पुढल्या वर्षी असेल का नाय, खोदायजी जाणे."

कारण साधे होते. गेल्या वर्षी एका परीक्षकाचाच मेहुणा पहिला आला होता. त्यावर दौंडच्या एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरने खुर्ची आपटली, कुणीतरी ती उलटी फेकली आणि स्पर्धा धक्काबुक्कीत संपली. हॉलच्या कमिटीने ह्या वर्षी एकाच अटीवर हॉल दिला होता. ह्या खेपेला भांडण झाले, तर नाचाला हॉल कायमचा बंद. नगरात लाकडी जमिनीचा दुसरा हॉल नव्हता. त्यामुळे हॉल गेला की स्पर्धाही गेली, हे उघड होते.

माळीवाड्याच्या स्टँडवरून टांगा केला. भिंगारच्या बाजूला, कॅम्पात, चिंचेच्या झाडांमागे तो हॉल आहे. दगडी भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि आत ब्रह्मदेशी सागाच्या फळ्यांची जमीन. गोऱ्या पलटणीसाठी बांधलेला. आता वर्षभर त्याला कुलूप असते. लग्नाला किंवा सभेला उघडतात तेव्हा जमिनीवर जाजम अंथरतात. त्यामुळे खाली साग आहे हे नगरच्या पुष्कळ लोकांना माहीत नव्हते.

दारे उघडी होती. पांढऱ्या सुती साडीतल्या एक उंच बाई अनवाणी पायांनी एकेका फळीवरून चालत होत्या. मध्येच थांबत, टाचेने दाबून पाहत आणि खडूने खूण करत. पलीकडे एक सुतार त्या खुणांवरचे खिळे ठोकून बसवत होता. ह्या स्पर्धेच्या संयोजक, सुलभा साळवे. युद्धाच्या काळात त्या लष्करी इस्पितळात नर्स होत्या, तिथेच नाच शिकल्या आणि पुढे मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. सारे कॅम्प त्यांना मेट्रनबाई म्हणते.

"चपला बाहेर," त्या वळून न पाहता म्हणाल्या. मग पाहिले. "पेपरवाले ना तुम्ही? तुम्हीसुद्धा."

चपला बाहेर काढल्यावर त्यांनी व्यवस्था दाखवली. परीक्षकांच्या तीन खुर्च्या हॉलच्या तीन कोपऱ्यांत होत्या. एकमेकांशी बोलायचे तर ओरडावे लागेल, अशा अंतरावर. मुंबईच्या टेबलाची हकीकत ऐकून त्या हसल्या.

"तीन डॉक्टर एका खाटेशी उभे केले की तिघांचं एकच मत पडतं. आणि ते थोरल्या डॉक्टरचं असतं."

बँड नव्हता, रेकॉर्ड प्लेअर होता. बँडवाले रंगात आले की लय वाढवतात, मग त्याच वॉल्ट्झ नाचाला जोड्यांच्या पहिल्या तुकडीला एक लय मिळते आणि दुसरीला दुसरीच, असे त्यांचे म्हणणे. जमीन हादरून सुई उडू नये म्हणून प्लेअरखाली घड्या घातलेली कांबळी होती. पुरुषांच्या पाठीवर लावायचे आकडे कापडावर रंगवले होते आणि ते टाके घालून लावायचे होते, म्हणजे टाचणी जोडीदारणीला बोचायची नाही. निकाल प्रत्येक फेरी संपताच तिथल्या तिथे वाचला जाणार होता.

"निकालाला उशीर झाला की लोक तो आपापला लावून मोकळे होतात," मेट्रनबाई म्हणाल्या. "गेल्या साली तेच झालं."

बोलणे चालू असताना दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. खाकी कोट, पिळदार मिशा, हातात किल्ल्यांचा जुडगा. हॉल कमिटीचे सेक्रेटरी, निवृत्त सुभेदार पालवे, मूळचे पाथर्डीकडचे. गेल्या वर्षीची खुर्ची त्यांच्या डोळ्यांदेखत फेकली गेली होती.

"मेट्रनबाई, त्यो दौंडचा हार्वे येनार हाय का औंदा?"

"येणार आहे. त्यानं फी भरली आहे आणि त्याला नाचता येतं."

"नाचंना का. पन खुर्चीला हात लावला तर म्या कुलूप घालनार. तुमच्यासंगं आपलं कायबी वाकडं न्हाई, पन कमिटीचा ठराव हाय."

"घाला. मीच कडी लावून देईन."

सुभेदारांना हे उत्तर आवडलेले दिसले. पण किल्ल्या त्यांनी खिशात ठेवल्या त्या आपल्याच.

संध्याकाळी मेट्रनबाईंनी सावेडीला जेवायला नेले. गावाबाहेर नव्याने बंगले उठत आहेत ती ही वस्ती. रस्ते अजून मुरमाचे. तिथे त्यांची भाची लीला आणि तिचा नवरा योहान राहतात. लीला शाळेत शिकवते, योहान एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आहे. दोघांना मेट्रनबाईंनीच नाच शिकवला होता, आणि दोघे उद्या उतरणार होते. मुंबईत नाचणाऱ्या जोड्यांच्या घरी आरसे लावलेली खोली पाहिली होती. इथे गच्ची होती. सिमेंटचा खरखरीत कोबा, कोपऱ्यात वाळत घातलेल्या मिरच्या. वॉल्ट्झच्या एका वळणावर दोघे त्या मिरच्या अचूक चुकवत होते.

जेवायला बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे शेंगोळे होते. भाजी बाजारात नव्हती, असलीच तर परवडत नव्हती. शेंगोळ्यांचा रस्सा इतका तिखट की मुंबईच्या जिभेला पाण्याची आठवण व्हावी. आणि पाणी तर टँकरचे. लीलाने न मागता ताक पुढे केले.

"दोन वर्षं झाली स्पर्धेला," ती म्हणाली. "फायनलला येतात पुण्याचे, दौंडचे, नाहीतर मिलिटरीतले. नगरच्यांनी काय करायचं? खुर्च्या मांडायच्या."

"चहा पण देतो आपण," योहान म्हणाला.

"मावशी, उद्या आम्ही फायनलला आलो तर तुम्ही टाळ्या वाजवणार का?" लीलाने विचारले.

"नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "भाकरी घे अजून."

रविवार : कॅम्प

सकाळी ख्रिस्ती मंडळींची उपासना असते, म्हणून स्पर्धा दुपारी ठेवली होती. हॉलवर पोचलो तेव्हा दाराशी गर्दी जमली होती. सुभेदारांच्या पत्नी गयाबाई आणि शेजारच्या आठदहा बायका सकाळपासून कामाला लागल्या होत्या. हॉलच्या पायऱ्या, पुढचा व्हरांडा आणि थेट उंबरठ्यापर्यंतची जागा त्यांनी रांगोळीने भरून टाकली होती. मोर, कमळे, वेलबुट्टी. पांढऱ्यावर गुलाबी आणि हिरवा रंग. बाहेरगावचे पाहुणे आपल्या दारात यायचे तर दार उघडेबोडके कसे ठेवायचे, हा साधा विचार. सुभेदार पाहुण्यांना आधी रांगोळी दाखवत, मग हॉल.

नगरची माणसे आत जाताना धोतर-लुगडे किंचित उचलून, कडेकडेने, बोटांवर तोल सावरत रांगोळी ओलांडत होती. लहान मुलेसुद्धा. त्याकडे कुणी मुद्दाम पाहिले नाही, कारण त्यात पाहण्यासारखे काही नव्हते.

दौंडची मंडळी रेल्वेने आणि पुढे एस.टी.ने आली. लष्करातली जीपने, पुण्याची मोटारींतून. रॉबर्ट हार्वे उतरले तेव्हा आवाज थोडा कमी झाला. साठीचे, लाल चेहऱ्याचे, काळा सूट उत्तम इस्त्री केलेला. जन्म दौंडच्या रेल्वे कॉलनीतला, बोलणे रुळांवरच्या सगळ्या भाषांचे मिळून. सोबत पत्नी डोरीन, निळ्या पायघोळ झग्यात. पायऱ्यांशी थांबून हार्वेंनी रांगोळी पाहिली आणि टोपी काढली.

"सुभेदारसाब, इतना अच्छा तो हमारी शादी में भी नहीं था."

"औंदा शादीवानीच वागा म्हंजे झालं," सुभेदार म्हणाले.

हार्वे मोठ्याने हसले. सुभेदार हसले नाहीत.

जोड्या चौदा होत्या. सगळ्या एकदम उतरल्या तर धक्के लागतील, म्हणून पहिली फेरी दोन तुकड्यांत होती. लीला-योहान आणि हार्वे पतिपत्नी पहिल्या तुकडीत. मेट्रनबाईंनी स्वतः घोषणा केली, आधी इंग्रजीत, मग मराठीत: कोण नाचणार, कोणता नाच, किती जोड्या पुढे जाणार. सुभेदार आणि गयाबाई पहिल्या रांगेत बसले होते. वॉल्ट्झची रेकॉर्ड लागली.

सुरुवातीला काही कळले नाही. जोड्या चांगल्या होत्या, पण नाचत मात्र वाईट होत्या. वॉल्ट्झमध्ये पाऊल उचलायचे नसते, जमिनीवरून वाहू द्यायचे असते. इथे ते मध्येच अडत होते. पुण्याच्या एका जोडीचे वळण अर्ध्यावर राहिले. लष्करातला एक कॅप्टन दोनदा खाली पाहू लागला, आणि ह्या नाचात खाली पाहणे म्हणजे रस्ता चुकल्याची कबुली. फक्त लीला आणि योहान शांतपणे, घरच्यासारखे नाचत होते. लोकांच्या ते लक्षात आले आणि मागच्या बाजूने, "आपली पोरं बघा," असे ऐकू येऊ लागले.

खिडकीजवळच्या कोपऱ्यात डोरीन हार्वेंची टाच अडकली. गुडघ्यातून त्या वाकल्या. नवऱ्याने घट्ट धरले म्हणून पडल्या नाहीत. संगीत संपेपर्यंत दोघे नाचले. मग हार्वे पत्नीला खुर्चीवर बसवून सरळ मेट्रनबाईंच्या टेबलाकडे निघाले. सुभेदारांनी कोटाचा खिसा चाचपला.

"मेट्रन," हार्वे म्हणाले. आवाज त्यांनी प्रयत्नपूर्वक खाली ठेवला होता. "ये फ्लोअर है का खडीची सडक? मेरी बायको का पाव मुडलं. मैं झगडा नहीं करता. मैं फक्त पूछता."

मेट्रनबाई अनवाणी पायांनी हॉलच्या मध्यभागी गेल्या, उजवा पाय लांबवर ओढला आणि थांबल्या. मग खाली बसून तळहात फळीवर फिरवला. तो उजेडात धरला तेव्हा पहिल्या रांगेपर्यंत दिसला. त्यावर पांढरे कण होते, काही गुलाबी, काही हिरवे.

सगळ्यांनी दाराकडे पाहिले. पायऱ्यांवरचा मोर निम्मा उरला होता. उंबरठ्याजवळचे कमळ तर गेलेच होते. नगरच्या पायांना रांगोळी ओलांडायची सवय होती, पण पायघोळ झग्यांच्या घेरांना ती कुठून असणार? बाहेरगावच्या बायका जपूनच आल्या होत्या. त्यांच्यामागून जमिनीला टेकत आलेल्या कापडाने ती दगडाची पूड उचलली आणि हॉलभर पसरली.

मिस्त्री आपल्या कोपऱ्यातून ओरडले, "बाई, झाडून घ्या नी, आणि दुसरी तुकडी सोडा."

"मग पहिलीवर अन्याय," दुसऱ्या कोपऱ्यातून लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी म्हणाल्या. त्याही परीक्षक होत्या.

योहान पुढे आला. नवराबायकोचे आधी डोळ्यांनी काहीतरी बोलणे झाले होते.

"मावशी, झाडायचंच कशाला? दुसरी तुकडी पण ह्याच्यावरच नाचू दे. जी जमीन आम्हाला, तीच सगळ्यांना. ह्यात अन्याय कुठला?"

मागच्या रांगांतून पाठिंब्याचा आवाज आला. मुद्दा तर्काला धरून होता. तो कुणाच्या फायद्याचा होता, हेही सगळ्यांना दिसत होते. लीला मावशीकडे पाहत राहिली.

मेट्रनबाई डोरीनपाशी गेल्या. वाकून त्यांचा घोटा दोन्ही हातांनी चाचपला, पाऊल हळूच फिरवले. "दुखतंय?" डोरीननी होकारार्थी मान हलवली. थोडेसेच. मेट्रनबाई उठून उभ्या राहिल्या.

"योहान, सगळ्यांना सारखी जमीन, बरोबर आहे तुझं. पण सगळ्यांना सारखं पाडायला मी स्पर्धा भरवलेली नाही. जमीन साफ होईल. पहिली तुकडी पुन्हा नाचेल. आत्ताचे गुण रद्द."

"मावशी!" लीला म्हणाली.

"रद्द," मेट्रनबाई म्हणाल्या.

लीलाने नवऱ्याचा हात धरून त्याला बाजूला नेले. मागच्या रांगा आता उघडपणे नाराज होत्या. एक जण म्हणाला, "हार्वेनं डोळं वटारलं की झालं! आपल्याच पोरांचा बळी." हार्वे ते समजले. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात त्यांनी काढून खिशात घातला.

अडचण आणखी एक होती. नुसती जमीन साफ करून उपयोग नव्हता. दाराची रांगोळी पुसल्याशिवाय पुन्हा तेच झाले असते. मेट्रनबाई सुभेदारांसमोर उभ्या राहिल्या आणि तसे सरळ सांगितले.

सुभेदारांचा चेहरा बदलला. "सकाळधरनं कंबर मोडून काढलीया बायांनी. पाव्हनं दारात हायेत. भरल्या दारात रांगोळी पुसायची म्हंता? असं न्हाई करीत आमच्यात."

"आमच्यातही नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण करावं लागणार."

क्षणभर वाटले, भांडण होणार ते ह्याच दोघांचे. तेवढ्यात गयाबाई उठल्या. पदर खोचला.

"अवं, रांगोळी काय जलमभर ऱ्हाती व्हय? रोज सकाळी काढतो, रोज पायाखाली जाती. म्या काढली, म्या पुसते. त्या बाईचा पाय मोडला आस्ता तर तुमचा मोर काय चाटायचा व्हता का?" आणि बाहेर वळून, "ए, आना गं झाडन्या!"

हॉलभर हशा पिकला. त्यात सुभेदार सामील नव्हते, पण खाली बसले.

पुढचे काम इस्पितळाच्या शिस्तीने झाले. नुसत्या झाडूने पूड उडून पुन्हा खाली बसली असती. पाण्याने धुवायचे तर पाणी पाहुण्यांच्या पिण्यापुरते. मेट्रनबाईंनी चहाच्या पातेल्यांतला चोथा मागवला, फडक्यात पिळून घेतला आणि मुठीमुठीने जमिनीवर पेरायला लावला. ओलसर चोथ्याला पूड चिकटते आणि झाडताना त्याच्याबरोबर निघून येते. वॉर्ड असेच झाडले जात, असे त्यांनी सांगितले. आठदहा बायका एका ओळीत वाकून, मागे सरकत, कोपऱ्यापासून दारापर्यंत आल्या. त्यांच्यामागून दोन पुरुषांनी कोरडे गोणपाट ओढले. एका टोकाला योहान होता, दुसऱ्या टोकाला कोट काढून हार्वे. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत, पण वळणावर दोघांनी वेग बरोबर सांभाळला. दाराशी ओले पोते टाकले आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक झग्याची किनार गयाबाईंनी स्वतः झटकली. पुण्याच्या दोन तरुणी लाजल्या. गयाबाई नाही. शेवटी मेट्रनबाईंनी डब्यातली बोरिक पावडर, कॅरमला वापरतात ती, चिमटीचिमटीने शिंपडली.

मुंबईत अशा खोळंब्यात प्रेक्षक बारकडे जातात. इथे कुणी जागचे हलले नाही. चोथ्यासाठी जास्तीचा चहा करावा लागला होता, तो सगळ्यांना मिळाला.

पहिली तुकडी पुन्हा उतरली. रेकॉर्ड तीच. आता तोच वॉल्ट्झ वेगळा दिसत होता. पावले वाहू लागली, झगे एकाच दिशेने फिरू लागले. हार्वे पतिपत्नी पायाच्या दुखण्यासकट असे नाचले की काही वेळ त्यांच्या वयाचा विसर पडला.

लीला आणि योहान चुकले नाहीत. पण ही जमीन त्यांच्या ओळखीची नव्हती. गच्चीवर पाऊल जिथे टाकले तिथे राहते, इथे ते पुढे जात होते. योहानच्या लक्षात आले आणि त्याने पावले आखडली. आखडली म्हणून ती तालाच्या मागे पडली. एका वळणावर लीलाने त्याला सावरले. पाहणाऱ्याला दिसणार नाही, इतक्या सफाईने. परीक्षकांना दिसले असणार.

दुसरी तुकडी झाली. मेट्रनबाईंनी लगेच आकडे वाचले. हार्वेंचा होता. पुण्याच्या दोन जोड्यांचे होते, कॅप्टनचा होता, आणखी दोघांचे होते. भाचीचा नव्हता. वाचताना त्यांचा आवाज बदलला नाही आणि यादी संपल्यावर त्या थांबल्याही नाहीत. पुढच्या नाचाचे नाव सांगितले.

मागून शिट्टी आली, मग दुसरी. "पुन्हा नाचवून बाहेर काढलं!" "हे आधीच ठरलं व्हतं!" दोघेतिघे उभे राहिले. खुर्च्या सरकल्या. गेल्या वर्षी सुरुवात अशीच झाली होती, फक्त ती दुसऱ्या बाजूने. सुभेदारही उठले. कुणाला आवरायला की कुलूप घालायला, ते सांगता आले नसते. हार्वे आपल्या जागी ताठ उभे होते.

तेव्हा लीला हॉलच्या कडेने चालत पहिल्या रांगेकडे आली. येता येता तिने योहानला पाठमोरे केले, दाताने टाके तोडून पाठीवरचा आकडा काढला. तो घडी घालून मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवला. गयाबाईंच्या शेजारी बसली आणि मागे वळून शाळेतल्या आवाजात म्हणाली, "बसा खाली. मला दिसत नाहीये. फॉक्सट्रॉट आहे आता."

शाळेतल्या आवाजाची नगरच्या तरुणांना सवय असावी. एक बसला, मग बाकीचे बसले.

"त्यो हार्वे पुढं चाललाय का माघारी?" गयाबाईंनी विचारले.

"मागं चाललाय. बघा ना, बायको पुढं येतेय."

"आन् तिला कुनी सांगितलं कुठं जायाचं?"

"त्यानंच. हातानं. बोलायचं नाही ह्यात."

"बरं हाय," गयाबाई म्हणाल्या. "आमच्यात बोलूनबी कळत न्हाई."

सुभेदार बसले.

अंतिम फेरी दिवेलागणीला झाली. पुण्याची एक तरुण जोडी पहिली आली, हार्वे पतिपत्नी दुसरे. निकाल वाचल्यावर हार्वेंनी विजेत्यांचे हात हातात घेतले. मग ते पहिल्या रांगेकडे आले आणि लीलासमोर कमरेतून वाकले. "बेटी, उस पहिले फ्लोअर पे तू जीतती," ते म्हणाले. लीला म्हणाली, "त्या फ्लोअरवर जिंकून काय करायचं, अंकल?"

लोक पांगू लागले तेव्हा सुभेदार टेबलाशी आले.

"मेट्रनबाई, ठरावाप्रमानं भांडान झालं न्हाई. पुढल्या साली हॉल तुमचा. म्या कमिटीला सांगतो."

मेट्रनबाईंनी आभार मानले. त्या थकल्या होत्या. पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. लीला मात्र तिथेच उभी होती.

"सुभेदारसाहेब, पुढच्या साली नको."

"आता काय?"

"पुढच्या साली म्हणजे पुन्हा तेच. हॉल एक दिवस उघडणार, पुण्याचे येऊन नाचणार, आम्ही गच्चीवरून येणार आणि पहिल्या फेरीत जाणार. आम्हाला दर आठवड्याला हॉल पाहिजे. सरावाला. गावातल्या ज्यांना शिकायचंय, त्यांना सगळ्यांना."

"दर आठवड्याला?" सुभेदारांनी मेट्रनबाईंकडे पाहिले.

मेट्रनबाई म्हणाल्या, "मला विचारू नका. हे तिचं आहे."

"जमिनीची खराबी व्हईल."

"उलट," लीला म्हणाली. "जाजमाखाली ठेवून लाकूड मरतं. काल खिळे किती वर आले होते, ते सुताराला विचारा. नाचायचे बूट आम्ही रस्त्यावर घालत नाही. आणि झाडलोट आमच्याकडे."

सुभेदारांनी कमिटी, ठराव, बैठक असे काही शब्द उच्चारले. गयाबाई दारात वाट पाहत होत्या.

"द्या की वो," त्या म्हणाल्या. "कुलूप लावून तरी कोन नाचतंय आत?"

सोमवार : परतीची एस.टी.

पुण्याची गाडी सकाळची होती. स्टँडवर जाण्याआधी टांगा कॅम्पातून वळवला. कमिटीची बैठक अर्थातच झालेली नव्हती. तरीही हॉलचे दार उघडे होते, आणि बाहेर व्हरांड्यात चपला-बुटांचे चार जोड होते. चौथा जोड जाड, लष्करी, पॉलिश केलेला.

आत रेकॉर्ड नव्हती. मेट्रनबाई टाळ्यांनी ताल देत होत्या. सुभेदार मोजे घातलेल्या पायांनी भिंतीला टेकून उभे होते. लीलाला शाळेला आणि योहानला वर्कशॉपला जायचे होते, म्हणून दोघे कामाच्या कपड्यांत नाचत होते, फक्त बूट नाचाचे. आज योहान पाऊल आखडत नव्हता. खिडकीजवळच्या वळणावर त्याने ते पूर्ण लांबवले, पाय निसटला आणि तो पाठीवर पडला.

सुभेदार पुढे धावले. लीला तोंडावर हात धरून हसत होती. योहान पडल्या पडल्या छताकडे पाहत राहिला.

"लागलं का रं?"

"नाही, सुभेदारसाहेब. लई गुळगुळीत आहे."

"ऊठ," मेट्रनबाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदा बरोबर टाकलंस."